डावं बटण

दत्तवाडीत कुदळ्यांच्या गॅरेजात
दोन टीव्ही, एक बाकडं, आणि दारावर खडूने लिहिलेलं :
हरल्यास कंट्रोलर आपटू नये.
तो हरलेला नाही.

दहा मिनिटांना दोन रुपये.
वेळ बुद्धिबळाच्या घड्याळावर;
कुदळे एकेकाळी जिल्ह्यात खेळलेले,
आता आमच्या उड्या मोजत बसायचे.

कॅसेट लागली नाही की फुंकर मारायची मी,
मग अन्वर, मग कुदळे स्वतः, चष्मा काढून,
गरम दुधावर मारावी तशी, बेताने.
नंतर कुठेतरी वाचलं, फुंकरीने काही होत नसतं,
उलट थुंकीने गंज चढतो.
वाचलं. पण लागायची.

कॅसेटवर छापलेलं : नऊशे नव्व्याण्णव खेळ.
एका मे महिन्यात आम्ही सगळे मोजले.
निघाले सात.
बाकीच्यांत नुसता आभाळाचा रंग बदललेला.

दोन नंबरच्या कंट्रोलरचं डावं बटण मेलेलं,
म्हणून त्याचा दर निम्मा,
म्हणून तो अन्वरचा.
खड्डा आला की मी चार पावलं मागे, धाव, उडी.
त्याला मागे येताच यायचं नाही.
काठावर थांबायचा, जीभ दातांत धरून,
आणि उभ्याउभ्याच उडायचा.
पोचायचाही. कधीकधी माझ्याआधी.

गुरुवारी वीज जायची.
एकदा शेवटच्या किल्ल्याच्या दारातच गेली.
पडदा मिटला, मधोमध पांढरा ठिपका उरला,
मग तोही नाही. काहीच कुठे जपलेलं नव्हतं.
कुदळ्यांनी घड्याळ थांबवून रुपया परत केला.
आम्ही अंधारात, कोपराला कोपर लावून,
राहिलेला किल्ला तोंडाने खेळलो,
आवाजांसकट.

आता मी बाणेरला, अकराव्या मजल्यावर,
एका घोड्याची आयाळ हलवते.
वारा फिरला की केस फिरले पाहिजेत, असा आग्रह आहे.
नऊ महिने झाले. घोडा देखणा आहे.
त्याच्यावर बसून कुठेही जाता येतं,
डोंगरामागे डोंगर, त्यामागे बाजार,
बाजारात खरे पैसे देऊन खोटं चिलखत.
मेलात तर ओढ्याकाठी जागे होता,
कपड्यांवरची धूळसुद्धा झटकलेली.

तक्रार नाही माझी.
माझा निहार रात्री त्या ओढ्याकाठी नुसता बसतो,
खेळत नाही, पाणी बघतो.
आमच्या आभाळाखाली बसायला जागा नव्हती.
त्याच्या कानात इर्कुत्स्कचा कुणीतरी.
नाव विचारलं तर म्हणतो, माहीत नाही,
पण तो माझी पाठ सांभाळतो.

यंदा वरून निरोप आला : लोकांना जुनं हवंय.
ठोकळे दिसू द्या, आडव्या रेघा येऊ द्या,
कडेला जरा फुगवटा, रंग थोडे ओघळलेले.
जे घालवायला लोकांनी वीस वर्षं घालवली
ते मी दोन आठवड्यांत परत आणलं.
पगार बरा आहे.
आणि कुणी न सांगता एक गोष्ट घातली :
दुसऱ्या खेळाडूला डावीकडे जाता येत नाही.

सोमवारी तपासणाऱ्या पोराचा लाल शेरा :
डावं बटण चालत नाही. गंभीर.

अन्वरचं तपकीर गल्लीत रिमोट दुरुस्तीचं दुकान आहे.
शनिवारी लॅपटॉप त्याच्या काउंटरवर ठेवला.
गिऱ्हाईक ताटकळत, आणि तो काठावर थांबलेला,
जीभ दातांत.
उडाला. पोचला.
मला वाटलं, आता हसेल.

“चार आण्याचं रबर होतं आत,” तो म्हणाला.
“कुदळे बदलणार होते. मीच नको म्हणालो.
चांगला झाला असता तर
मला कुठला परवडायला?”

मग गिऱ्हाइकाकडे वळला.

शेरा अजून उघडा आहे.
बटण दुरुस्त करायला एक ओळ पुरे.
मी ती लिहिते,
खोडते,
आणि घोड्याकडे जाते.